दोन कासवं आणि लाल रेघ

सोमवार, ४ मे. सकाळी ७.१०
लेक बारा दिवसांच्या ट्रेनिंगला गेली. तिची पाण्यातली दोन कासवं, मोठा आणि धाकटी, माझ्या ताब्यात. जूनमध्ये ती हॉस्टेलला जाणार, तेव्हा कासवं इथे ठेवायची की मैत्रिणीकडे द्यायची, ते परत आल्यावर ठरवणार. मैत्रिणीकडे गेली तर दर रविवारी लेक तिकडेच जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे कासवं इथेच राहायला हवीत.
जाताना बजावून गेली, की पाणी त्यांच्या पाठीच्या लांबीच्या दुप्पट खोल ठेवा. मी पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं आहे (तक्रार विभागात का होईना). मला पाणी शिकवते!

मंगळवार, ५ मे
दुप्पट म्हणजे आठ इंच. बुडतील बिचारी! मला पोहता येत नाही, वेळ आली तर वाचवणार कोण? निर्णय: पाणी दोन बोटं. बायको म्हणाली, अहो, कासवं आहेत ती. तक्रार नोंदवून घेतली.

बुधवार, ६ मे
धाकटी उताणी. चारही पाय हवेत. मी घाबरलो नाही, फक्त ओरडलो. बायकोने येऊन सरळ केली. म्हणे, पाणी खोल असतं तर तिची तीच सरळ झाली असती. माझ्या मते ती व्यायाम करत होती.

गुरुवार, ७ मे
नवं धोरण. कासवांची काचेची टाकी काठोकाठ. एकदा द्यायचं म्हटलं की हात आखडता घेणं आपल्या स्वभावात नाही. ऑफिसात शिपायाला सगळं समजावलं. प्रभावित झाला. "बरं" म्हणाला.

शुक्रवार, ८ मे. सकाळी ६.४०
मोठा टाकीत नाही! सोफ्याखाली नाही. कपाटामागे नाही. लेकीला काय तोंड दाखवू?

६.५५
सापडला. माझ्या डाव्या बुटात. पाणी काठाला लागल्यावर तो बाहेर येणारच, असं बायकोचं मत. चूक टाकीवाल्याची आहे, काठ उंच करायला नको? ऑफिसला चपला घालून.

शनिवार, ९ मे
काचेवर बारीक लाल रेघ दिसली. कंपनीची खूण असणार. पाणी बरोबर तिथपर्यंत. माझ्या मनातला आकडाही साधारण तोच होता. अंदाज असावा तर असा!

बुधवार, १३ मे
एवढा उकाडा, पण पाणी रेघेखाली जात नाही. गढूळही होत नाही. टाकीला माझी शिस्त लागली. दोघं टाकीवरच्या दिव्याखाली दगडावर मान ताणून पडतात, माझ्याकडे आदराने बघतात. लेकीला फोनवर सांगितलं, निर्धास्त जा हॉस्टेलला. तिने विचारलं, आई कुठेय?
निर्धास्त म्हणालो खरं, पण पोरीशिवाय घर खायला उठेल.

शनिवार, १६ मे
लेक आली. टाकी बघून खूश. मी रेघेबद्दल कंपनीचं कौतुक केलं. मायलेकी पोट धरधरून हसल्या.
रेघ बायकोच्या नेलपॉलिशची. मी ऑफिसला गेलो की ती रोज पाणी बदलून रेघेपर्यंत भरायची. लेकीला रोजचा अहवालही जायचा, बुटासकट.
निकाल: कासवं इथेच. लेक दर रविवारी येणार! जबाबदारी आईकडे. माझ्याकडे टाकीवरच्या दिव्याचं बटण. तेही महत्त्वाचं असतं बाबा, म्हणाली.

रविवार, १७ मे. सकाळी ७.३०
सातच्या ठोक्याला दिवा लावला. अर्ध्या तासाने बायकोने दाखवलं, की तो पंखा आहे.
आता बटणावरही लाल ठिपका आहे.