थोरलीचं नाव कुणी ठेवलं

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी खुशाल आहे, तूही असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे? गाडीचा क्लच जड झालाय म्हणत होतीस, त्याची तार बदलून घे. अंगावर काढू नकोस, दोघींचंही वय झालंय आता.

इकडे कंपनीत नेहमीचंच. नव्या गाडीबरोबर गिऱ्हाइकाला द्यायची पुस्तिका लिहितोय. त्यात एक पान आमच्या मोठ्या व्हॅनच्या नावांचं आहे. तुला हसू येईल. अगदी पहिल्या गाडीला नावच नव्हतं, नुसतं 'नमुना चार'. ड्रायव्हर लोक तिला पेटारा म्हणायला लागले. साहेबांना राग आला, एवढी देखणी गाडी आणि पेटारा? पण दुकानात जो तो येऊन पेटाराच मागायचा. शेवटी झक मारत तेच नाव गाडीच्या नाकावर चढवलं. बाबांनी घेतली ती तीच. पुढे उंच टपाची आली, तिला उंच पेटारा म्हणाले. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी 'वेलोरा' काढलं. ते काही कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक म्हणायचे, "वेलोरा राहू द्या हो, पेटारा दाखवा." आता विजेवरची आलीय. आवाज म्हणून नाही, आत माणूस ताठ उभा राहतो. तिचं नाव थोरली.

हे नाव कुठून आलं ते मी तुला आधी सांगायला हवं होतं. तुला ते गाडीच्या नाकावर वाचावं लागलं.

बाबांनी पेटारा दारात आणला तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी आईच्या कडेवर. मला हे सगळं तुझ्याच तोंडून ऐकून पाठ आहे. बाबा म्हणाले, आता घरात पहिला घास हिचा, मग आपला. तू गाल फुगवून म्हणालीस, "मग हीच थोरली! मी मधली." तेव्हापासून आपल्याकडे 'थोरली आली का', 'थोरलीला धुतलं का'. बाबा गेले आणि एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून तू तिच्या स्टिअरिंगवर बसलीस. माझं कॉलेज तुम्ही दोघींनी ओढलंत.

कंपनीनं सगळ्यांकडून नावं मागवली, तेव्हा मी चिठ्ठीवर 'थोरली' लिहून टाकलं. ते निवडलं गेलं. कसं सुचलं, असं विचारलं तर म्हणालो, "असंच, अंघोळ करताना." अंघोळ करताना, ताई! माझा फोटो लावला भिंतीवर.

इथवर लिहून दोनदा उठलो, पाणी प्यायलो. पण कुठवर टाळणार?

नवी थोरली बाजारात आणायच्या समारंभाच्या खुर्च्या तुझ्या गाडीतून येणार आहेत हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. मी साहेबांना आणि फोटोग्राफरला घेऊन मागच्या अंगणात आलो, तर तू खुर्च्या उतरवून दार लावत होतीस. ते दार एकट्याला कधी लागलंय? एकानं कडी दाबायची, दुसऱ्यानं खालच्या कोपऱ्यात टाच मारायची. तू मला पाहिलंस आणि सवयीनं हाक मारलीस, "बारक्या, टाच दे रे!"

साहेब म्हणाले, "ओळखीच्या का?"

मी म्हणालो, "नाही. खुर्च्यावाल्या बाई आहेत." आणि वर फोटोग्राफरला सांगितलं, "ती जुनी गाडी फोटोत येऊ देऊ नका."

तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मग साहेबांना म्हणालीस, "माफ करा हं, ओळखायला चुकले. आमच्या धाकट्यासारखे दिसतात हे." दार दोरीनं बांधलंस आणि गाडी काढलीस.

तिथंच माझ्या थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. तू पांघरूण घातलंस. मला लाज वाटली होती गंजलेल्या पत्र्याची आणि तुझ्या फाटक्या हातमोज्यांची. आता दाढी करताना आरशात बघवत नाही, रोज गाल कापून घेतो. दोन दिवसांनी तुझा फोन आला, नंतर पुन्हा एकदा आला. मी समोर बसून तो वाजू दिला.

आज सकाळी साहेबांकडे गेलो. म्हटलं, त्या बाई माझी सख्खी बहीण, आणि गाडीचं नावही तिनंच ठेवलेलं. ते म्हणाले, "आणि त्या दिवशी?" म्हटलं, "खोटं बोललो." फोटो मीच उतरवून टेबलाच्या खणात टाकला. माझं पुढे काय करायचं ते ते ठरवतील, पण पान बदलायला हो म्हणाले.

पान सोबत ठेवलंय. शेवटी लिहिलंय: 'थोरली हे नाव अडतीस वर्षांपूर्वी एका सात वर्षांच्या मुलीनं घरच्या पेटाऱ्याला ठेवलं. ती गाडी ती अजून चालवते.' खाली तुझं नाव घालायचं की नाही, ते तू सांग. छपाई सोमवारी आहे. नाव नको म्हणालीस तर ती जागा कोरी सोडेन, माझं तिथं येणार नाही.

रविवारी तुझी पहिली खेप सातला निघते ना? मी पावणेसातला तुझ्या फाटकापाशी उभा असेन. माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. खुर्च्या मी चढवीन. त्या चढवून झाल्या की दाराला टाच मारायला कुणीतरी लागेलच. नको असेन तर काढ दोरी, मी मुकाट परत जाईन.

धाकट्यासारखा दिसणारा नव्हे, तुझा धाकटाच,
बारक्या