रेखाचा आवाज

४ नोव्हेंबर
सिल्लोडला जाऊन आले. आमच्या फंडाकडं मदतीसाठी आलेल्या अर्जांत हाच सगळ्यात बरा वाटतोय. समाधान, तिशीचा, बाजाराच्या मागं एका खोलीत फोनलाइन चालवतो. गरोदर बायका फोन करतात, मशीन बोलतं. काय खायचं, पाय सुजले तर काय, दवाखान्यात कधी निघायचं. आवाज बाईचा, इकडचाच. कुणाचा, विचारलं.
"माझ्या बायकोचा, रेखाचा. गावात आशाताईचं काम करायची, बायकांच्या तब्येती बघायची. दोन वर्षं झाली जाऊन."
तिचे जुने व्हॉइस मेसेज मशीनला शिकवलेत.

७ नोव्हेंबर
मुंबई ऑफिस खूश. पाच जिल्ह्यांत नेऊ म्हणतात. म्हटलं, सर, बाई वारलीये. "नवऱ्याची संमती आहे ना?" आहे. तिची...

१२ नोव्हेंबर
परत सिल्लोड. रेखाची आई भेटली, कौसाबाई. रोज दुपारी लाइनवर फोन करते.
"पोरगी वळखती मला. गुडघ्याचं इचारती. तिकडं कसं हाय म्हणलं की गप बसती."
समाधान उठून बाहेर गेला.

१३ नोव्हेंबर
अट घातली. आवाज बदला, मगच पैसे. समाधान फोनवर म्हणाला, "बरं, मॅडम."

२० नोव्हेंबर
मशीन आठवडाभर बंद, नवा आवाज बसवतायत. कौसाबाईंना राग आला असेल म्हणून फोन केला.
"बंद कुठं हाय? काल बोलली की. लई थकल्यावानी वाटली."
समाधानला सांगितलं. "मॅडम, मी वायर काढून ठेवलीय." म्हातारीचा भास. दुसरं काय असणार.

२७ नोव्हेंबर
नवा आवाज सुरू. पुण्याच्या मुलीचा, स्वच्छ. काल एका बाईला रक्तस्राव सुरू झाला, लाइनवर सांगितलं तशी लगेच निघाली. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. समाधान सांगताना रडला. हे काम थांबायला नको, एवढं मला कळतं.

३० नोव्हेंबर
उद्या समितीची बैठक, शिफारस माझ्यावर. ऑफिसातून पुंडलिकनगरला घरी न जाता हर्सूल तलावावर गेले. गर्दी, पोरं, भेळवाले. शेवटचं एकदा तपासावं म्हणून लाइनला फोन लावला. खोटंच, सातवा महिना, पाय सुजतात म्हटलं. नव्या आवाजानं सगळं नीट सांगितलं, बीपी आजच तपासा म्हणाली. मी ठेवणार, तेवढ्यात,
"ताई, समाधान जेवले का?"
आवाज पुण्याच्या मुलीचाच.
"जेवले," म्हटलं मी. का म्हटलं, माहीत नाही.
"बरं झालं. दुपारचं लई टाळतेत ते." आणि फोन तिनंच ठेवला.

घरी आलेय. समाधानला विचारावं का, आज जेवलात का? फोन हातात आहे. शिफारस अजून लिहिलेली नाही.