भाचीला दिलेला सल्ला

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला (आणि त्यावरचं तुझं बोलणं) कमी झाला असेल. मी ठीक. मानेत एक गाठ निघाली, ती कॅन्सरची आहे, पण वेळेवर सापडली, म्हणून दर तीन आठवड्यांनी मला केमोच्या बाटलीखाली बसवतात. आधी कळवलं नाही, कारण तू रडली असतीस आणि समजूत मला घालावी लागली असती.

लिहायचंय ते तुझ्या लेकीबद्दल. कॅन्सरच्या पेशंटांची शुश्रूषा शिकण्याच्या वर्षभराच्या कोर्सला ती निघाली, तेव्हा मीच मोडता घातला. म्हणाली होती, "मामा, पेशंट विचारतात मी वाचेन का, तेव्हा काय बोलावं ते मला येत नाही." मी (कुलपं विकून दोन दुकानं उभी केलेला विद्वान) म्हणालो, तोंड गोड ठेवायचं, त्याला कसला आलाय कोर्स? तूही मान डोलावलीस. जागा गेली.

आता ऐक. इथे औषध लावण्याआधी दोन सिस्टर समोर उभ्या राहून नाव आणि जन्मतारीख विचारतात. दर वेळी. फॉर्मवर मी शाळेतली तारीख लिहिली होती (गुरुजींनी मला दीड वर्षाने मोठं केलं होतं, आठवतंय ना?) आणि दुसऱ्या खेपेला, दुखण्यात तरी लबाडी नको म्हणून, आईने सांगितलेली खरी सांगितली. बाटली परत गेली. मी चिडलो, ओळखता की मला, लावा म्हटलं. ठेंगणी सिस्टर शांतपणे म्हणाली, "काका, चेहरा बघून औषध लावायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला."

कागद जुळेपर्यंत दीड तास बसलो. शेजारी पडदा, आणि माझे कान तुला ठाऊकच. पलीकडे एक नवी सिस्टर रडत रडत त्या ठेंगणीला सांगत होती. एका बाईने तिला तोच, मी वाचेन का, हा प्रश्न विचारला, आणि हिने गोड तोंडाने सांगितलं, काही होत नाही हो तुम्हाला. बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. ठेंगणी तिला समजावत होती, की आधी विचारायचं, तुम्हाला काय वाटतंय, आणि मग गप्प बसून ऐकायचं. हे कुठे शिकलात, असं नवीने विचारलं, तर तिने नाव घेतलं ते त्याच कोर्सचं. मी पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता, असं नंतर कळलं.

तुझा,
धाकटा

ता. क. यंदाचे अर्ज सुरू आहेत. तिच्या वॉर्डात माणसं कमी, रजा मिळणं कठीण. तरी तिला अर्ज करायला सांग.

ता. क. २. किंवा मीच सांगतो. तू फक्त तिला माझा फोन उचलायला सांग. वर्ष झालं, उचलत नाही.

ता. क. ३. गाठीचं तिला कळू देऊ नकोस. फोन माफीसाठी उचलावा, गाठीसाठी नको. (आठवडाभरात नाहीच उचलला, तर सांगून टाक.)