भिंतीला चिकटलेले निळे दाणे

सर, आज तुमचं म्हणणं मी खोटं पाडलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गोड लागणार नाही, म्हणून तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावरही लिहायला बसले आहे.

पडघ्याच्या तुमच्या स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. मी दाणे मिसळणाऱ्या यंत्राचा कॉलेजचा प्रोजेक्ट दाखवायला आले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर दाणे कसे छान मिसळत होते. तुम्ही फडताळातून चिवड्याचा डबा काढता, खडाखडा हलवता आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरता. शेंगदाणे सगळे वर. "पडद्यावर काय बी मिसळंल, पोरी. डबा खोटं बोलत न्हाय." असा राग आला होता तुमचा! तरी चिवडा दोनदा मागून खाल्ला.

आता भिवंडीला धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात, पशुखाद्य मिसळणाऱ्या यंत्रांसाठी मी तेच काम करते. यंत्र आधी कॉम्प्युटरवर फिरवायचं, मग ॲक्रिलिकच्या छोट्या पिंपात प्लास्टिकचे रंगीत दाणे फिरवायचे. दोन्ही जुळलं तरच मोठं यंत्र बनतं. या वेळी जुळेचना. कॉम्प्युटर म्हणे सगळं एकजीव, आणि पिंपातल्या नमुन्यांत बारीक निळे दाणे कमीच. मालक वैतागले. "मॅडम, कॉम्प्युटर पुरे झाला. उद्यापासून ड्रॉइंगला बसा." इतक्या वर्षांचं माझं काम एका वाक्यात गुंडाळलं. मी हट्टाने एक दिवस मागून घेतला.

आज सकाळी पिंप रिकामं करून पुसत होते, भिवंडीत सगळेच पुसतात तसं, पॉवरलूमवरच्या पॉलिस्टरच्या चिंधीने. थंडीची कोरडी हवा. हातावरचे केस ताठ उभे राहिले. वाकून बघते तर निळे दाणे आतल्या भिंतीला चिकटलेले, झटकले तरी पडेनात. घासून घासून पिंपात वीज आम्हीच भरत होतो! ओल्या सुती फडक्याने पुसलं, वाळू दिलं, पुन्हा फिरवलं. जुळलं. परत केलं, परत जुळलं! मी अशी ओरडले की शेजारचा लूमवाला धावत आला, "क्या मॅडम, लॉटरी लगी?" मालक स्वतः जाऊन जिलेबी घेऊन आले. कॉम्प्युटर बरोबर होता, सर, आणि डबा खोटं बोलत होता. आज मी जाम खूश आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेच बरं. तुम्ही असता तर मी पेढे घेऊन आले असते, पाया पडले असते, आणि "काम बरं चाललंय" एवढंच बोलून गुपचूप परतले असते.