तयार निबंधातली आई

जैसलमेर,
दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रिय दयाताईस,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघे कुशल आहोत. तुझी भाची प्रार्थना वेळेवर जेवते.

इथे मराठी शाळा नसल्याने मी तिला घरीच शिकवतो, म्हणून तू पाचवीचा निबंधलेखनाचा संच पाठवलास. हेतू चांगला होता. तरीही मी संतापलो आहे. त्यात निबंध तयार आहेत, मुलाने केवळ पाठ करून उतरवायचे. बेलापूरच्या संडे स्कूलमध्ये तू वचने पाठ करून घेतेस, ते योग्यच. आई मात्र पाठ करून लिहायची नसते.

प्रार्थनेने लिहिले, "माझी आई रोज पहाटे उठून माझा डबा करते."

एस्तेरला जाऊन सात महिने झाले, ताई!

"हे का लिहिलेस?" मी ओरडलोच.

"पुस्तकात तसंच आहे, पप्पा. खरं लिहिलं की तुम्ही खोडता."

गेल्या आठवड्यात तिने लिहिले होते की आईची शाल ती उशीखाली ठेवते. विषयाला सोडून आहे म्हणून मीच ते लाल शाईने खोडले होते.

संच परत पाठवीत आहे. दुसरा मागवणार नाही. यापुढे ती रोज तुला पत्र लिहील. पहिले सोबत आहे. पाकीट तिनेच चिकटवले. मी वाचलेले नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझा भाऊ,
सत्यवान