विहीणबाईंची डिस्क, घासूनपुसून

मु. भाजे, मंगळवार
(रविवारी पिठलं-भाकरीची गिऱ्हाइकं, सोमवारी त्यांची भांडी, पत्राला मंगळवारच उरतो.)

सौ. शालूबाई विहीणबाईंना उज्ज्वलाचा नमस्कार. देहूरोडला सगळे खुशाल असाल. व्याह्यांचा गुडघा पावसात धरतो म्हणून निरगुडीचा पाला सोबत दिला आहे. तो शेकायला आहे, नुसता बघत बसायला नव्हे, असं त्यांना सांगावं. इकडे सगळं ठीक. पंचमीला संगीताला चार दिवस माहेरी पाठवते, असं तुम्ही कबूल केलं होतंत. लग्नानंतरची पहिली पंचमी, तेव्हा ते ठरलेलंच आहे असं धरून पुढचं लिहिते.

लाडवांच्या डब्यातून तुम्ही लग्नाच्या शूटिंगची हार्डडिस्क पाठवलीत. लाडू त्याच दिवशी संपले (वेलदोडा जरा कमी होता, पण ते असो). डिस्क आमच्या तुषारच्या लॅपटॉपला लावली. तो कंपनीत गेला होता, पण एवढं मला येतं. लॅपटॉपने आत लग्न तर सोडाच, एक फोटोही दाखवला नाही. उलट, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का, असं विचारलं. मला वाटलं, विहीणबाईंनी गडबडीत रिकामीच डिस्क पाठवली. आता असं भांडं रिकामं आलं तर फोन करून विचारायचं कसं? तुम्हाला खाली बघावं लागलं असतं, आणि व्याह्यांना खाली बघायला लावणं आमच्या घरात बसत नाही. म्हणून मी गप्प बसले. विहीणबाई, माणसाने इतकं सभ्य असू नये.

डिस्क घेऊन मळवली स्टेशनाजवळच्या मेहबूबभाईंकडे गेले. (झेरॉक्स, मोबाईल दुरुस्ती आणि फावल्या वेळात अंडी.) तुमचे ओंकारराव सफरचंदाच्या चित्राचा कॉम्प्युटर वापरतात हे मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग एक्सफॅट करू वैनी. त्येंच्यावर बी चालंल, आपल्यावर बी चालंल." मला पटलं. पाहुण्यांत कांदा खाणारे आणि न खाणारे दोन्ही असले की मीही दोघांना चालेल असंच करते. मग त्यांनी विचारलं, आत काही ठेवायचंय का. मी म्हटलं, रिकामीच आहे. तेव्हा म्हणाले, "वरवर पुसू का घासून काढू? घासायचं तर सांज हुईल." मी म्हटलं, विहिणीचं भांडं आहे, घासूनच काढा. त्यांनी खरोखर सांज केली. त्यांना बोल लावू नये.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून माझ्या फोनमधले लग्नाचे तुकडे त्यात भरले आणि समाधानाने घरी आले. रात्री तुषारने हे ऐकलं आणि तो भाकरी हातात धरून तसाच बसला. डिस्क रिकामी नव्हती म्हणे. ओंकाररावांच्या कॉम्प्युटरने तिच्यावर लिहिलेलं आमच्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत नाही असं कबूल करायचं सोडून तो "पुसू का" विचारत होता. वरवर पुसलं असतं तर बहुतेक परत काढता आलं असतं, पण घासलेलं येत नाही. म्हणजे कामचुकारपणा केला असता तर मी वाचले असते. ओंकाररावांकडे दुसरी प्रत नाही आणि शूटिंगवाल्यानेही केव्हाच पुसलं, हेही तुषारनेच आडून आडून विचारून घेतलं. मी दोन दिवस रडले, आता रडत नाही.

तेव्हा तुमच्या वरातीची घोडी, ड्रोनमधून दिसलेला मांडव, तुमच्या जाऊबाईंचा रुसवा, सगळं गेलं. (रुसव्याचं फारसं दुःख तुम्हालाही नसावं.) उरलं ते माझ्या फोनमधलं, आणि मी मांडवामागे असल्यामुळे त्यात पातेलीच जास्त. पण शेवटचा तुकडा जरूर बघा. शूटिंगवाला गाडीचे हार टिपत होता तेव्हाचा आहे. संगीता रडते आहे, आणि तुम्ही पैठणीच्या पदराने तिचं नाक पुसता आहात. त्या पैठणीला तुम्ही दिवसभर कुणाला हात लावू दिला नव्हता. मी तो रोज बघते. एवढं मोठं शूटिंग झालं, पण हे कुणी टिपलं नसतं.

चूकभूल पदरात घ्यावी. व्याह्यांना नमस्कार.

आपली,
उज्ज्वला

ता. क. संगीताला यातलं काही ठाऊक नाही. बोलायचं तर मला बोला, मी भाकऱ्या थापता थापता ऐकून घेईन. तिला बोलू नका.

आणखी ता. क. डिस्क इंद्रायणी तांदळात खुपसून पाठवली आहे. डबा मात्र नीट बघा. तो तुमचा नाही, आमचा आहे. तुमचा घासून फळीवर ठेवलाय, संगीता परत निघेल तेव्हा भरून देईन. आमचा तुम्हाला पंचमीआधी परत करावाच लागेल. भरायची काळजी करू नका. रिकामाच पाठवा, फक्त तिच्या हाती द्या.