बंद दारामागची वीस मिनिटं

प्रिय प्रांजली,

तुझा ताप उतरला असेल, असं आधी लिहिलं आणि खोडलं. तुला ताप आहे हे मला पटत नाही. तुझी आई फोनवर तसं म्हणाली, पण इतक्या घाईने, की मला पुढे काही विचारूच दिलं नाही. आज पाच दिवस झाले, तू शाळेत नाहीस.

तुला एक सांगायचं आहे. आमचा दिवस कसा जातो ते तू पाहतेस. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत यायचं, सलग चार तास शिकवायचं, मग वह्या, बस ड्यूटी, पालकांचे मेसेज. म्हणून जूनपासून मी एक पळवाट शोधली होती. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर लॅब रिकामी असते. आतून कडी लावायची, पंखासुद्धा लावायचा नाही, आणि वीस मिनिटं नुसतं बसायचं. त्या वीस मिनिटांवर मी अख्खा दिवस काढायचे. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे बाहेर पाऊल वाजलं तरी श्वास रोखायचे.

गेल्या गुरुवारी दारावर टकटक झाली. ‘बाई,’ असं हळूच ऐकू आलं. या शाळेत मी सगळ्यांची ‘मिस’; बाई म्हणणारी, साताऱ्याहून आलेली तू एकटीच. घरी कळू न देता तुमच्याशी बोलता येईल का, असं तू आदल्याच दिवशी विचारलं होतंस आणि मी उद्या ये म्हणाले होते. सगळं आठवत होतं. तरी उठले नाही. अजून दहाच मिनिटं, मग हिला बोलावू, असं मनात म्हटलं. तू तिसऱ्यांदा टकटक केलीस आणि गेलीस. पुढच्या तासाला कळलं, बरं नाही म्हणून तू घरी गेलीस.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मोठ्या मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आणखी दोन दिवस पाहू. माझ्याने थांबवत नाही.

बाई आत नाहीत असं तुला वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण लॅबमध्ये चपला काढून जायचा नियम. सवयीने मी त्या दाराबाहेरच सोडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. बाहेर आले तेव्हा त्या नीट जोडून ठेवलेल्या होत्या. म्हणजे मी आत आहे हे तुला माहीत होतं. ही चिठ्ठी तुझ्या बिल्डिंगमधल्या अलकाच्या हाती देते आहे. उद्या शाळा सुटली की मी थेट तुमच्याकडे येते, कुणी काहीही म्हणो. बोलली नाहीस तरी चालेल. मला तू दिसायला हवीस.

तुझीच,
शुभदाबाई